कॅमेऱ्यानं पुसलेली हळद

आमचं गाव पेण आणि अलिबागच्या मधे, खाडीच्या कडेला. नाव लिवू नका, गावातले लगेच बोलतील हिनं आम्हाला पुस्तकात घातलं. आम्ही आगरी. बाबा मिठागरावर, आजापण मिठागरावर, आणि शाळेला सुट्टी असली की आमचा अर्धा दिवस तिथंच बांधावर जायचा. बाबांचे डोळे कायम बारीक केलेले, घरात पंख्याखाली बसले तरी बारीकच, जन्मभर पांढऱ्यावर पडलेलं ऊन बघितलेलं ना. पुढं मिठागर बंद झालं, भावांनी ट्रक घेतले, दोघं कंटेनर ओढतात, बाबा आता घरीच असतात. मी करुणा, वय एकोणतीस, लग्न झालेलं न्हाय. हे आधीच सांगून टाकते, कारण तुम्ही न्हाय विचारलं तरी वाचणारे विचारतील.

फोटोच्या धंद्यात मी आले ती फोटो काढून घ्यायलाच गेलेली म्हणून. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, फॉर्मला पासपोर्ट फोटो पाहिजे होता, अलिबागला रफीकचाचांचा स्टुडिओ हाय तिथं गेले. चाचा मूळचे मुरुडचे, साठी उलटलेले, तोंड फटकळ. त्यांनी फोटो काढला, कम्प्युटरवर घेतला आणि त्यांचा पोरगा तो गोरा करायला लागला. मी बोलले, अहो काय करता, ही मी न्हाय. तो बोलला, ताई सगळ्यांचा असाच करतो. मी बोलले, सगळ्यांचा करा, माझा करू नका, मी सावळी हाय, परीक्षेला बसल्यावर बाई फोटो बघून मला ओळखणार कशी? चाचा आतून हसले. बोलले, बेटी, तुला काम पाहिजे का, माझा पोरगा दुबईला चाललाय, मला कम्प्युटरवर बसणारं कोणतरी पाहिजे. असं लागलं माझं काम.

तीन वर्षं मी खुर्चीत बसून लग्नं कापली. एडिटिंग म्हणजे काय सांगू तुम्हाला, दुसऱ्यांनी केलेल्या चुका निस्तरायच्या. कोणाचा चेहरा काळा गेलाय, कोणाचं कपाळ उजेडानं जळलंय, कुठं सगळं लाल, कुठं सगळं हिरवं, आणि अंधाराच्या जागी नुसते दाणे दाणे, जसे टीव्हीवर मुंग्या आल्यात. मी बसल्या जागी चिडायचे. चाचांना बोलायचे, हा कॅमेरावाला आंधळा हाय काय, खिडकी पाठीमागं ठेवून नवरी उभी केली, मग तोंड काळं येणार न्हाय तर काय. चाचा बोलायचे, बसून बोलणं सोपं हाय, जा आणि काढून दाखव. ते मस्करीत बोलायचे आणि मी ते मनात घेऊन बसले. मला आई लहानपणापासून बोलते, ही पोर मांजरासारखी हाय, कुठनंही फेकली तरी आपल्या पायावरच येते. मी ठरवलं, कॅमेरा शिकायचाच.

आता बाईमाणसाला कॅमेरा कोण देतो? पण एक गोष्ट माझ्या बाजूची होती. आमच्यात हळदीला जे आतलं असतं, नवरीला बायका बसवतात, धवलारीण धवले गाते, धवलारीण म्हणजे आमच्यात लग्नाचे विधी गाऊन करणारी म्हातारी बाई, भटजीच्या आधी तिचा मान, तिथं बायकांना पुरुष कॅमेरावाला नको असतो. उघडे हात, गळा, ओले कपडे, कसं वाटतं ते. तर चाचा बोलले, आतलं तू घे, बाहेरचं माझी माणसं घेतील. पण त्याआधी शिक.

शिक म्हणजे काय, तर महिनाभर कॅमेरा हातात दिलाच न्हाय. स्टुडिओच्या मागच्या खोलीत एक खिडकी, तिच्यासमोर टेबल, टेबलावर स्टीलच्या ताटलीत एक अंडं. बोलले, हे बघ. मी बोलले, काय बघू, अंडं हाय. बोलले, सकाळी बघ, दुपारी बघ, चारला बघ, आणि उजेड कुठनं येतो, कुठं संपतो, सावली मऊ हाय का कडक, वहीत लिव. मला वाटलं म्हातारा मला पळवून लावायला बघतो. पण मीपण हट्टाला पेटले, रोज लिवलं. आठ-दहा दिवसांनी मला कळलं की अंडं पांढरं न्हायच. खिडकीकडं ते निळसर असतं, भिंतीकडं पिवळट, खाली ताटलीचा उजेड लागतो तिथं अजून वेगळं. डोळा आपल्याला फसवतो, आधीच ठरवून टाकतो की अंडं पांढरं, मग बघतच न्हाय.

ते घरी सांगितलं तर बाबा बोलले, ह्यात काय नवीन. मीठ बाराच्या उन्हात कोण बघतो, सगळं एकच पांढरं दिसतं, चांगलं कुठलं वाईट कुठलं कळत न्हाय. सकाळी तिरपा उजेड आला की बांधावर उकिडवं बसायचं, मग खड्यान् खडा दिसतो. मी बाबांच्या तोंडाकडं बघत राहिले. चाचा महिनाभर जे शिकवत होते ते बाबांना पोटात असल्यापासून ठाऊक, फक्त कधी कोणी विचारलं न्हाय.

मग कॅमेरा हातात आला. आयएसओ कशाला म्हणतात, तो वाढवला की अंधारात दिसतं पण दाणे येतात, शटर काय, काच म्हणजे लेन्स किती उघडायची, सगळं. आणि व्हाइट बॅलन्स. चाचा बोलले, कॅमेऱ्याला पांढरं कशाला म्हणतात ते दरवेळी दाखवायचं, त्याला आपली अक्कल न्हाय. जिथं काम करायचं तिथल्या उजेडात एक पांढरी वस्तू धर, त्याला सांग हे पांढरं, मग बाकीचे रंग तो आपापल्या जागी बसवतो. त्यांच्याकडं त्यासाठी एक पांढरं कार्ड असायचं, लॅमिनेट केलेलं, चड्डीच्या नाडीसारखं जपायचे ते.

आणि आता माझं पाप सांगते.

खाडीच्या पलीकडं एक घर हाय, कमळाकाकीचं, जवळची न्हाय पण नात्यातलीच. काकीचा नवरा लवकर गेला, दोन पोरी तिनं मासळी विकून वाढवल्या. मोठी दर्शना, तिचं लग्न ठरलं आणि काकीनं आपणहून सांगितलं, करुणाला पाठवा, आपली पोर हाय. चाचा तेव्हा बायकोला घेऊन मुंबईला दवाखान्यात गेलेले. बोलले, जाशील एकटी? मी बोलले, जाते. छाती एवढी फुगली होती माझी.

दुपारची हळद. मांडवाला वरून पिवळं कापड, सगळीकडं पिवळाच उजेड. मी बॅग उघडली आणि कार्ड न्हाय. टेबलावर राहिलेलं. आता काय करायचं? पांढरी वस्तू पाहिजे. समोर नवरीचा मामा उभा, पांढरा शर्ट. आता तुम्हाला सांगते, आमच्या घराघरात हळदीचा एक शर्ट वेगळा असतो. कपाटात खाली ठेवलेला, दर हळदीला तोच घालायचा, रंगवायचा, धुवायचा, परत ठेवायचा. दहा-दहा वर्षं चालतो. धुऊन धुऊन तो ताकासारखा झालेला असतो, पण आमच्यात त्याला पांढराच बोलतात. बाबांचापण हाय. मी लहानपणापासून त्याला पांढरा शर्टच बोलत आले. बाहेरचा कोण असता तर बोलला असता, अहो हा पिवळा हाय. मला दिसलाच न्हाय. मी मामाला बोलले, मामा जरा पाठ करा, आणि त्यांच्या पाठीवर कॅमेरा धरून त्याला सांगितलं, हे पांढरं.

झालं. कॅमेरा बिचारा हुकमाचा ताबेदार. त्यानं सगळीकडचा पिवळा काढून टाकायला सुरुवात केली. मी छोट्या स्क्रीनवर बघितलं तर दर्शना गोरी दिसत होती. आणि इथं मी दुसरी चूक केली, ती पहिलीपेक्षा मोठी. मी खूष झाले. जी मी स्वतःचा फोटो गोरा करू नका म्हणून भांडलेले, ती मी खूष झाले, वाटलं काकी खूष होईल, सगळ्यांना हेच पाहिजे असतं, म्हणून काच अजून थोडी उघडली, अजून उजेड घेतला. धवलारीण गात होती, बायका हळद लावत होत्या, हसत होत्या, आणि मी दोन तास मोठ्या ऐटीत सगळं घालवत होते.

लग्नानंतर पंधरा दिवसांनी दर्शना माहेरी आली तेव्हा मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. एडिट करायला दुसरा पोरगा होता, मी दुसऱ्या कामावर होते, आधी नीट बघितलंपण न्हाय, हेपण माझंच. टीव्हीसमोर सगळं घर, शेजारचे, पोरंटोरं खाली बसलेली. हळद चालू झाली. मग काकी उठली, टीव्हीच्या जवळ गेली, बोटानं पोरीच्या गालाला हात लावला आणि बोलली, ही हलद न्हाय गो. ही राख हाय. माझे पोरीला राख फासलीस तू.

आणि खरंच बोलत होती. हळदीच्या जागी करडा लेप, ओठ निळसर, गालावर जिथं उजेड पडलेला तिथं काहीच न्हाय, नुसता पांढरा डाग. बापाविना वाढलेली पोर, तिच्या हळदीला आईनं काय काय सोसलेलं, आणि मी तिला अशी दाखवली. दर्शना उठून आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

चाचांनी आणि मी तीन दिवस ते सुधारायला बघितलं. पिवळा परत घातला तर साडी हिरवी होते, साडी सांभाळली तर चेहऱ्यावर चट्टे उठतात, आणि जे जळलं ते तर जळलंच, तिथं कॅमेऱ्यानं काही लिवून ठेवलेलंच न्हाय तर आणणार कुठनं. चाचा ओरडले न्हायत. चष्मा काढून डोळे चोळले आणि बोलले, बेटी, आता काही दिवस खुर्चीत बस. त्यांनी शिवी दिली असती तर मी रडले असते, तसं बोलले म्हणून रडूपण आलं न्हाय. घरी मोठा भाऊ बोलला, बघ, मी बोललेलो, बँकेची परीक्षा दे. मी जेवण ताटात टाकून उठले. आईनं मागनं हाक मारली, मी गेले ती बांधावर जाऊन बसले, आणि तिथं ठरवलं की ही राख मी धुवून काढीन. दुसऱ्या कोणाच्या घरी चांगलं काम करून न्हाय, त्याच घरात, काकीच्या समोर. तिची धाकटी प्रियांका तेव्हा कॉलेजात होती. मी हिशोब केला, दोन वर्षं हायत.

तेव्हापासून मी काय काय केलं ते ऐकाल तर हसाल. रोज दिवसाउजेडी अर्धा तास, अंगाला हळद. दुसऱ्याच्या तोंडावर कशाला प्रयोग, माझंच तोंड होतं. हळद कालवायची, अर्ध्या गालाला लावायची, कॅमेरा स्टँडवर, आणि बघायचं. बाराच्या उन्हात, चारच्या उन्हात, भाताच्या निळ्या ताडपत्रीखाली, पिवळ्या कापडाखाली, ट्यूबलाइटखाली, दारात, दाराच्या आत दोन पावलं, चार पावलं. प्रत्येक वेळी वहीत लिवायचं, काच किती, आयएसओ किती, कार्ड कुठं धरलं, हळद कशी आली. शेजारची आत्या कुंपणावरून बोलली, आगो करुणा, रोज हलद लावतेस, नवरा कवा येनार? मी बोलले, आत्या, तो ट्रॅफिकमध्ये अडकलाय वडखळला, तुम्ही चहा ठेवा. आई चिडायची, डब्यातली हळद संपली, कालवणात काय घालू? पण आईच मग दुपारी माझ्या बाजूला येऊन बसायची, पांढरी चादर धरायची, बोलायची, उजेड इकडं पाडू का तिकडं?

आणि मला हळूहळू कळायला लागलं. दोन पिवळे असतात. एक उजेडाचा पिवळा आणि एक हळदीचा. उजेडाचा काढायचा, हळदीचा ठेवायचा. मांडवाच्या कापडाखाली दोन्ही एकमेकांत मिसळतात, मग कॅमेरा काय, माणूसपण गोंधळतो. त्याला उपाय मशीनमध्ये न्हायच. उपाय एकच, नवरीला अशा जागी बसवायची जिथं उजेडाला स्वतःचा रंग कमीत कमी असेल. दाराच्या आत, ऊन अंगावर न्हाय, समोर मोकळं आभाळ. मग हळद आपली आपण पिवळी दिसते, काही करावं लागत न्हाय. लोक मला विचारतात ताई फोरके हाय का, आठके हाय का, आणि नंतर बघतात मोबाइलवर. मी बोलते, के सोडा, आधी नवरी कुठं बसवताय ते सांगा.

आणि दुसरं कळलं ते आपल्या रंगाचं. कॅमेरा आपल्यासारखा सावळा चेहरा बघितला की घाबरतो, त्याला वाटतं अंधार झाला, आणि उजेड वाढवतो. तेव्हा त्याचं ऐकायचं न्हाय. सावळ्या चेहऱ्याला उजेड वाढवून न्हाय, बाजूनं देऊन दाखवायचा. गालाच्या हाडावर, नाकाच्या कडेला जी चकाकी येते ती ठेवायची. मी आईचा तसा एक फोटो काढला, आई कितीतरी वेळ बघत बसली, बोलली, मी एवढी बरी दिसते व्हय?

मधल्या काळात चाचांनी मला मदतनीस म्हणून परत न्यायला सुरुवात केली. किहीमला लग्नाआधीचे फोटो काढायला पुण्या-मुंबईची जोडपी येतात, तिथं मी उजेड परतवायला थर्माकोल धरून उभी राहायची, भर वाळूत, तळपाय भाजायचे. नवरा बोलायचा पाठीमागं सूर्य पाहिजे, नवरी बोलायची तोंड दिसलं पाहिजे, आणि ते दोन्ही साधायचं काम माझ्या थर्माकोलचं. वारा आला की मी पतंगासारखी उडायचे. चाचा लांबून बघायचे, मग हळूहळू कॅमेरा माझ्याकडं द्यायला लागले, बोलायचे, एक शॉट तू घे. मग दोन. मग ते नारळाखाली बसून राहायला लागले.

आणि प्रियांकाचं लग्न ठरलं. मला कोणी सांगितलं न्हाय, बाजारात कळलं. पनवेलची मोठी टीम घेतलेली, ड्रोन, क्रेन सगळं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी काकीच्या दारात. काकी अंगणात सुकट पसरत होती. मला बघितलं, हात थांबवला न्हाय. मी बोलले, काकी, मला हळद घेऊ दे. सगळी न्हाय, आतली फक्त, धवले चालू असताना, एक तास. काकी बोलली, एक पोरीची केलीस ती पुरं न्हाय काय? मी बोलले, पुरं न्हाय, म्हणून तर आले. बोलली, तुना लाज कशी न्हाय? मी बोलले, हाय, दोन वर्षं रोज हाय. आणि मग एका दमात बोलून टाकलं, की काकी, सुरू करायच्या आधी मी तुला स्क्रीन दाखवीन, तू बघायचं, हळद पिवळी दिसली न्हाय तर त्याच मिनिटाला कॅमेरा पिशवीत घालीन आणि पंगतीला वाढायला उभी राहीन, एक शब्द बोलणार न्हाय. काकीनं सुकट पसरून संपवली, हात झटकले, आणि बोलली, धवलारनीचे मधे मधे कडमडायचं न्हाय. एवढंच. मी त्याला हो समजले.

हळदीच्या दिवशी मी सकाळीच गेले. कार्ड गळ्यात, दोरी लावून, गुरांच्या घंटेसारखं. ओटीच्या समोर मांडववाल्यानं पिवळं कापड ताणलेलं. मी बोलले, भाऊ, ह्या बाजूचं कापड सोडा. तो बोलला, पागल हाय काय, डेकोरेशन हाय. मी शिडी लावली आणि स्वतः सोडलं. मग तो धावत आला आणि बोलला, थांब, थांब, पडशील, मी सोडतो. समोर आभाळ मोकळं झालं. नवरीचा पाट दाराच्या आत दोन पावलांवर सरकवला, तोंड दाराकडं, डाव्या बाजूला माझी आई चादर धरून. धवलारीण आली, पाट बघितला, बोलली, हा इथं कोनी ठेवला? मग तीच बोलली, बरा हाय, वारा लागतो, आणि बसली.

तेवढ्यात पनवेलवाल्या टीममधला एक जण आत घुसला, हातात मोठी एलईडी, आणि लावली प्रियांकाच्या तोंडावर. पांढराफटक उजेड. माझं सगळं गेलं, एका बाजूनं आभाळ, एका बाजूनं त्याचा दिवा, पोरीचं अर्धं तोंड एका रंगाचं, अर्धं दुसऱ्या. मी बोलले, दादा, बंद करा. तो बोलला, ताई, लाइट न्हाय तर क्वालिटी येणार न्हाय. मी बोलले, इथं लागत न्हाय. तो बोलला, तुम्ही किती लग्नं केली? मी खोटं बोलू शकले असते. मी बोलले, ह्या घरातलं एक बिघडवलंय, ते दुसऱ्यांदा बिघडू देणार न्हाय. काकी हळदीची वाटी घेऊन उभी होती. तिनं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बोलली, ए बाला, इजव तो दिवा. बायकांमदी आलास तो आलास, आता भायेर जा.

मी कार्ड धरलं, कॅमेऱ्याला सांगितलं हे पांढरं. काकीनं पहिलं बोट हळदीत बुडवलं आणि प्रियांकाच्या गालावर ओढलं. मी बोलले, काकी, आता बघ. स्क्रीन तिच्याकडं फिरवला. काकीनं डोळे बारीक करून बघितलं. एकदा स्क्रीनकडं, एकदा पोरीकडं, परत स्क्रीनकडं. तिच्या बोटावरची हळद, पोरीच्या गालावरची आणि स्क्रीनमधली, तिन्ही एक होत्या. काकी वाटी घेऊन मागं वळली आणि हाक मारली, दर्शना, इकरं ये.

दर्शना कोपऱ्यात उभी होती, काखेत सहा महिन्यांची पोर. ती बोलली, मी कशाला, आये? काकीनं तिला हाताला धरून प्रियांकाच्या बाजूला बसवलं, आणि दोन्ही हातांनी तिच्या तोंडाला हळद फासली, गाल, कपाळ, हनुवटी, काही सोडलं न्हाय. आमच्यात हळदीला सगळेच एकमेकांना लावतात, त्यात नवीन काही न्हाय, पण काकी ज्या हातानं लावत होती ते सगळ्या बायकांना कळलं. मला बोलली, हिला पन घे. धवलारणीनं एक क्षण बघितलं आणि जो धवला संपत आलेला तो पहिल्यापासून धरला. दर्शना आधी हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली, आणि काखेतली पोर आईच्या गालाचं पिवळं बोटानं पुसून तोंडात घालायला लागली. मी घेत होते. माझा डोळा भरून आला, समोरचं पुसट झालं, फोकस कुठं गेला मलाच कळलं न्हाय, पण मी हात हलवला न्हाय.

स्टुडिओत येऊन बघितलं तर सगळं नीट, आणि तो एक शॉट, दर्शनाचा, आउट. फोकस तिच्या कानामागच्या भिंतीवर, तोंड धुरकट. मी तो काढून टाकणार होते. चाचांनी बघितला, बोलले, काढून टाक, असलं चालत न्हाय. मग थोड्या वेळानं बोलले, त्या घरी विचार आधी. मी काकीकडं दोन्ही घेऊन गेले, चांगलेपण आणि तोपण. तिनं तोच परत परत लावला. मी बोलले, काकी, ह्यात तोंड साफ न्हाय. ती बोलली, हलद दिसते ना.

आता बघा, गेले सात-आठ महिने मी एकटीनं हळदी करते. सगळ्या जमतात असं न्हाय. मागच्या महिन्यात म्हसळ्याला एक होती, पत्र्याच्या शेडखाली, खिडकी न्हाय, दार न्हाय, डीजेचे निळे दिवे, मी घामानं निथळले आणि तरी अर्धं काम मलाच आवडलं न्हाय. अजून माझा स्वतःचा कॅमेरा न्हाय, चाचांचाच वापरते. भाऊ अजून बँकेचे फॉर्म मोबाइलवर पाठवतो, मी अंगठा दाखवते आणि पुसून टाकते. मला पुढं सिनेमाचं काम शिकायचंय, मुंबईला कोणाच्यातरी हाताखाली, पाचवी-सहावी मदतनीस म्हणून का होईना, तिथंपण अंड्यापासून सुरू करायला लावलं तरी करीन. होईल का न्हाय ते मला माहीत न्हाय. मी थांबणार न्हाय एवढं माहीत हाय.

परवा काकीकडं गेलेले, दर्शना आलेली, पोर आता चालायला लागलीय, भिंत धरून धरून. काकी मासळी साफ करत होती. मी निघाले तशी बोलली, थांब गो. नातीकडं मान हलवली आणि बोलली, हिचे हलदीला पन तूच ये हा. मी बोलले, काकी, त्याला अजून वीस-पंचवीस वर्षं हायत. बोलली, मना कालतं. म्हनून तं सांगतंय, तवर डोले जप आपले.

मी बोलले, येते.